प्रतिकूल माहिती नाहीं

आमच्या दादांचा कारखाना शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत आहे. पुण्याहून येणारा राजमार्ग पंचगंगेचा पूल गांठण्याआधीं ज्या कारखान्यांजवळून जातो, तीच ही शिरोली एमआयडीसी. आमचे वडील कोल्हापुरांतल्या उद्यमनगरांत एका लेथवर तेलएंजिनांचे सुटे भाग करीत असत. दादांनीं तोच धंदा वाढवून फौंड्रीपर्यंत आणला. आम्ही मात्र पोथ्यांत रमलों आणि महाविद्यालयांत तीस वर्षें संस्कृत शिकवून निवृत्त झालों. लोखंड किती अंशांवर वितळतें हें आम्हांस आजही सांगतां येणार नाहीं. तथापि रोज संध्याकाळीं दादांच्या कचेरींत जाऊन एक पेला चहा घेण्याचा आमचा परिपाठ आहे, आणि प्रस्तुत हकीकत त्या चहाच्या पेल्यापासूनच सुरू होते.

गेल्या श्रावणांतील गोष्ट. दादांच्या मेजावर अर्जांचा एक गठ्ठा पडला होता. बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशा येथून नव्यानें आलेल्या सोळा कामगारांचे ते अर्ज, पोलिसांच्या चारित्र्य-पडताळणीच्या दाखल्यासाठीं भरावयाचे. आमच्याकडील फौंड्र्यांत भट्टीपुढें उभा राहणारा माणूस आजकाल बहुधा परप्रांतींचाच असतो. २०२० सालच्या टाळेबंदींत हीं माणसें गाड्या भरभरून घरोघर परतलीं, तेव्हां भट्ट्या कशा थंड पडल्या हें शिरोलीनें पाहिलें आहे. तरीही त्यांतला कोणी परत येऊन फाटकाशीं उभा राहिला, कीं रखवालदाराचा पहिला प्रश्न असतो, "दाखला आणला काय?" दादांना आम्हीं एकदां याचें कारण विचारलें होतें. ते म्हणाले, "माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्या आमच्याकडं मागतात, म्हणून आम्ही ह्यांच्याकडं मागतो. मला काय हौस आहे?"

तो गठ्ठा आम्ही सहज चाळीत होतों. प्रत्येक अर्जाला एक छायाचित्र टांचलेलें होतें. कॅमेऱ्याकडे पाहतांना माणूस गुन्हेगारासारखा कां दिसतो, हें कोडें आम्हांस कधीं उलगडलें नाहीं. सोळा चेहरे झाले आणि सतरावा चेहरा आला तो आमच्या पुतणीचा.

क्षणभर आम्ही चरकलों, हें कबूल केलें पाहिजे. पोरीनें असें काय केलें? मग उलगडा झाला. तिचें लग्न गेल्याच्या गेल्या फाल्गुनांत झालें. जांवई मूळचे सातारकडले, आतां अमेरिकेचे नागरिक. लग्नानंतर पंधरा दिवसांनीं ते परत गेले आणि पुतणी माहेरींच राहिली. कारण अमेरिकन नागरिकाला आपली लग्नाची बायको नेण्यासाठीं प्रथम आय-१३० नांवाचा अर्ज करावा लागतो, तो मंजूर होईतों वर्ष उलटून जातें, आणि पुढें न्यू हॅम्पशायरमधील एक मध्यवर्ती कचेरी नाना कागद मागते. त्या कागदांच्या यादींत पोलिसांचा दाखला होता. दादांच्या मनांत आलें, कामगारांचे दाखले काढून देणारा माणूस आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. त्याच गठ्ठ्यांत लेकीचाही अर्ज जाऊं द्या!

दाखला आला. पुतणीनें तो यादीशीं ताडून पाहिला, आणि तो निरुपयोगी ठरला. यांत देणाऱ्याचा दोष कांहींच नाहीं. जिल्हा पोलिसांचा दाखला नोकरीसाठीं चालतो. अमेरिकेच्या वकिलातीला हवा असतो तो पासपोर्ट कचेरीनें दिलेला. दोन्ही कागदांची चौकशी शेवटीं त्याच पोलीस ठाण्यांतून होते. परंतु कागदाच्या जगांत माणूस कोण हें महत्त्वाचें नसून शिक्का कोणाचा हें महत्त्वाचें असतें. ज्यांच्या घरीं हा प्रसंग यावयाचा आहे, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. शुल्क पांचशें रुपये. सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट केंद्रांतही हा अर्ज घेतात. तेवढी पुण्याची खेप वाचते.

अमेरिकेचा नियम मोठा हिशेबी आहे. वयाला सोळा वर्षें पूर्ण झाल्यापासूनचा सर्व जन्म त्या हिशेबांत धरतात. स्वतःच्या देशांत सहा महिन्यांहून अधिक राहिलां असाल तर तेथील दाखला; इतर कोणत्या देशांत बारा महिने काढले असतील तर तेथीलही; आणि कोठें अटक झाली असेल, तर मुक्काम एका रात्रीचा असला तरी तेथील दाखला हवाच. शिवाय हा दाखला दोन वर्षांनीं शिळा होतो. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीवर देखील आम्ही तारीख घालीत नाहीं. येथें चारित्र्यावर ती घातलेली असते!

पुतणी एक वर्ष इंग्लंडांत शिकावयास होती. तें वर्ष भरलें बारा महिन्यांचें कीं साडेअकराचें, यावर घरांत दोन रात्री खल झाला. अखेर विमानाचीं जुनीं तिकिटें सांपडलीं आणि वर्ष पुरें भरल्याचें सिद्ध झालें. तेव्हां तेथील पोलिसांचाही दाखला मागविला. त्या देशाची अॅक्रो नांवाची कचेरी आहे. ज्याच्याविषयीं दप्तरांत कांहींच आढळत नाहीं, त्याच्या कागदावर ती 'नो ट्रेस' असे दोन शब्द छापते, म्हणजे 'माग नाहीं'. तो कागद पाहून पुतणी हंसली; पण तिचें हंसणें आम्हांस पुरतें हंसणें वाटलें नाहीं. वर्षभर ज्या गांवीं तिनें थंडींत कुडकुडत अभ्यास केला, भाडें भरलें, आजारपण काढलें, तेथें तिचा माग नाहीं. आणि ही आनंदाची वार्ता!

इकडे आमच्या पासपोर्ट कचेरीच्या कागदाची रीत अशीच आहे. अमुक बाई सद्वर्तनी आहेत असें तो म्हणत नाहीं. अमुक देशाचा व्हिसा वा प्रवासाची सवलत मिळण्यास जी अपात्र ठरवील अशी प्रतिकूल माहिती यांच्याविरुद्ध नाहीं, एवढेंच तो म्हणतो. आमच्या वेदान्त्यांनीं ब्रह्माचें वर्णन 'नेति नेति' करून केलें. सरकारनें तीच पद्धत नागरिकासाठीं स्वीकारलेली दिसते.

पासपोर्टवर पत्ता राजारामपुरींतल्या जुन्या घराचा होता, आणि बिऱ्हाड आतां शिरोलींत. त्यामुळें चौकशी घरीं आली. एक वयस्क हवालदार दुपारीं आले. बोलणें अदबीचें, वागणें साधें. वहिनींनीं त्यांना सरबत दिलें. त्यांनीं कागद काढून विचारलें, "मुलीवर काय केस वगैरे?"

"काय बोलताय हे!" वहिनी एकदम म्हणाल्या.

"विचारायला लागतंय, वहिनी. रकाना आहे."

दोन शेजाऱ्यांची साक्ष हवी होती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला बोलाविलें. तो बिचारा उत्साहानें सांगूं लागला, "लई गुणाची पोरगी बगा, कोरोनात आमच्या म्हातारीला—" हवालदारांनीं त्याला हळूच थांबविलें. "मालक, गुणाचा रकाना न्हाई ह्यात. दोषाचाच हाय."

या वाक्यावर आम्ही अजूनही विचार करीत असतों. तूर्त तें असो.

हवालदार गेल्यावर वहिनी बराच वेळ ओसरीवर बसून होत्या. मग त्यांनीं आम्हांस विचारलें, "भाऊजी, आपल्या पोरीची एवढी चौकशी झाली. त्यांची कोणी केली?"

'त्यांची' म्हणजे जांवयांची. आम्ही यादी पुन्हां काढली, आणि वहिनींचा प्रश्न अडाण्याचा नव्हता असें दिसून आलें. ज्यानें बायकोला न्यावयाचें, त्याच्याकडूनही अमेरिका कागद मागते. ती त्याचा आयकराचा कागद मागते, नोकरीचें पत्र मागते, आणि सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी त्याची मिळकत असावी असा दंडक घालते. बायकोला पोसूं शकेल कीं नाहीं, एवढें ती नीट पाहून घेते. पोलिसांचा दाखला मात्र त्याच्याकडून मागत नाहीं. त्याचें दप्तर अजिबात पाहिलें जात नाहीं असें नव्हे. अल्पवयीन मुलांविरुद्ध गुन्हा केलेल्याचा असा अर्ज २००६ सालच्या एका कायद्यानें अडवितां येतो. पण पाहणारें सरकार आपल्यापुरतें पाहतें. शिरोलींत बसलेल्या मुलीला त्यांतलें कांहीं कळविण्याची तजवीज, निदान लग्न होऊन जाणाऱ्या बायकोसाठीं, त्या कागदांच्या यादींत आम्हांस आढळली नाहीं. सारांश, त्याच्याकडून पगाराचा दाखला आणि हिच्याकडून चारित्र्याचा!

आम्हांस अमेरिकेचा राग आला नाहीं. आपल्या दारांतून कोण आंत येतो हें पाहण्याचा अधिकार घरधन्याला असतोच. दादांच्या फाटकावरचा रखवालदार दुसरें काय करतो? शिवाय ही चाल जुनी आहे. १८७५ सालीं त्याच देशानें पेज यांच्या नांवाचा कायदा केला आणि चीन-जपानाकडून येणाऱ्या बायका कोणत्या हेतूनें येत आहेत याची खातरजमा करण्याचें काम बंदरावरील वकिलाकडे दिलें. पुष्कळशा खऱ्याखुऱ्या पत्नी त्या चौकशीच्या भीतीनेंच घरीं राहिल्या. १९१३ च्या मार्चांत दक्षिण आफ्रिकेंत न्यायमूर्ति सर्ल यांनीं जो निकाल दिला, त्यानें तेथील हिंदु, मुसलमान आणि पारशी स्त्रियांचीं लग्नें कायद्यापुढें पुसून टाकलीं, आणि त्या अपमानानें कस्तुरबा तुरुंगांत जावयास निघाल्या. १९१८ च्या साम्राज्य-युद्धपरिषदेनें वसाहतींत राहणाऱ्या हिंदी माणसाला बायको आणण्याची मोकळीक दिली ती देखील अशी: बायको एकच असावी, आणि ती त्याची कायदेशीर बायको असल्याचा दाखला हिंदुस्थान सरकारनें द्यावा. शंभर वर्षांहून अधिक काळ आमच्या मुली परदेशच्या दारांत असा कागद हातांत धरून उभ्या आहेत.

आणि आमचा धंदा संस्कृताचा. तेव्हां शकुंतलेची आठवण होणें अपरिहार्यच होतें. इतकीं वर्षें वर्गांत शिकविलें, पण ही गोष्ट ध्यानांत आली ती शिरोलीच्या ओसरीवर. गांधर्वविधीनें लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या दारांत जाते आणि तिच्याजवळ पुरावा नसतो. अंगठी पाण्यांत पडलेली. पुढें सहाव्या अंकाच्या आरंभीं ती अंगठी कोणाच्या हातून राजाकडे येते? पोलिसांच्या! नगराचा रक्षणाधिकारी आणि त्याचे दोन शिपाई कोळ्याला बांधून आणतात, त्याला दरडावतात, आणि मग त्या अंगठीवरून राजाला बायको आठवते. विवाहाचा पुरावा पोलीस चौकींतून आला, असा हा कदाचित् आपल्या वाङ्मयांतील पहिलाच प्रसंग. पण ज्यानें लग्न करून विसरून जावें, त्या दुष्यंताकडे कोणीं कसला कागद मागितला होता? कण्वांनीं देखील मागितला नाहीं. आश्रमांत परतल्यावर त्यांनीं मुलीला आशीर्वाद दिला, उपदेश केला, आणि दोन शिष्य देऊन पाठवणी केली.

येथें कण्वांना नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. कारण आमच्या घरचे कण्व आम्हीच होतों. स्थळ आलें तेव्हां दादा म्हणाले, "तू शिकलेला, तुझे विद्यार्थी जगभर, तू चौकशी कर." आम्हीं त्या गांवीं असणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहिलें. त्याचें चार ओळींचें उत्तर आलें: मुलगा हुषार आहे, मोठ्या कंपनींत आहे, स्वतःचें घर आहे, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला दिसतो. एवढ्यावर आम्हीं दादांना खुशाल कळविलें, "स्थळ उत्तम." त्या चार ओळींत त्या मुलाच्या स्वभावाविषयीं एकही अक्षर नव्हतें, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नाहीं. पूर्वीं सोयरीक जुळवितांना मध्यस्थ गांवच्या चावडीवर बसत, न्हाव्याला विचारीत, विहिरीवर कान देत. त्या चौकशींत क्षुद्रपणा पुष्कळ होता. पण मुलगा हात उगारतो काय, पितो काय, अगोदर कोणाला टाकलें आहे काय, हें बहुधा बाहेर पडे. समुद्रापलीकडे चावडी नाहीं. आणि मुलीकडची माणसें त्या मुलखाचें नांव ऐकूनच इतकीं नम्र होतात कीं, विहिरीवर जाण्याचें त्यांना सुचत नाहीं.

परदेशस्थ नवऱ्यांनीं टाकलेल्या वा फसविलेल्या बायकांचीं गाऱ्हाणीं ऐकण्यासाठीं राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ सालीं स्वतंत्र कक्ष उघडावा लागला. अशा विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असें विधेयक २०१९ सालीं राज्यसभेंत आलें, आणि विधि आयोगानें २०२४ च्या फेब्रुवारींत आपल्या २८७ व्या अहवालांत या विषयावर सर्वंकष कायदा असावा अशी शिफारस केली. हें सर्व आम्हीं लग्नानंतर वाचलें. आधीं वाचण्याची बुद्धि झाली नाहीं.

ऑस्ट्रेलियाची रीत मात्र निराळी आहे, हें पुतणीनेंच आम्हांस दाखविलें. तिची एक मैत्रीण तिकडे दिली आहे. तेथें २०१६ च्या नोव्हेंबरपासून बायकोला वा नवऱ्याला बोलावणाऱ्यालाही पोलिसांचा दाखला द्यावा लागतो, आणि त्यांत कांहीं गंभीर आढळलें तर तें समोरच्या माणसाला कळविण्यास आपली संमति आहे, असेंही लिहून द्यावें लागतें. मैत्रीण मेलबर्नला गेली ती नवऱ्याचा कागद सरकारनें पाहिला आहे एवढें जाणून. संसार पुढें कसा होईल हें कोणता कागद सांगणार? पण दोघांनींही एकाच खिडकीशीं उभें राहावें, यांत कांहीं एक सभ्यता आहे.

वहिनींनीं हें ऐकलें आणि म्हणाल्या, "मग आपण मागू या की त्यांच्याकडं."

दादा हातांतलें वर्तमानपत्र टाकून उठले. जांवयाकडे पोलिसांचा दाखला मागावयाचा! ज्याचे पाय लग्नांत दुधानें धुतले, त्याला? शिरोलींत हें कळलें तर लोक काय म्हणतील? आम्हींही दादांचीच री ओढली. लग्न होऊन गेल्यावर असा प्रश्न विचारणें म्हणजे संसाराच्या आरंभींच अविश्वास पेरणें, असें एक गोल वाक्य आम्ही बोललों. बोलतांना तें आम्हांस फार शहाणपणाचें वाटलें.

पुतणी आतांपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, "काका, सोळा माणसांच्या गठ्ठ्यात माझा फोटो घातला, तेव्हा कुणाला असं वाटलं नाही."

त्या रात्रीं तिनें स्वतःच फोनवरून नवऱ्याला विचारलें. अमेरिकेंत कोणीही आपल्या बोटांचे ठसे आणि अठरा डॉलर देऊन केंद्रीय तपासखात्याकडून, म्हणजे एफबीआयकडून, स्वतःच्या दप्तराचा उतारा मागवूं शकतो, हें तिनें आधींच पाहून ठेवलें होतें. जांवयांनीं काय उत्तर दिलें तें तिनें सांगितलें नाहीं. पुढचे दोन दिवस फोन आला नाहीं. घरांत कोणी मोठ्यानें बोलेना. वहिनींनीं देवापुढें निरांजन लाविलें आणि दादा कारखान्यांतून नेहमीपेक्षां उशिरा येऊं लागले. तिसऱ्या दिवशीं फोन आला. ठसे देऊन आलों, असें ते म्हणाले. ठसे घेणाऱ्या बाईनें विचारलें, कशासाठीं हवें. त्यावर काय सांगावें हें त्यांना कळेना, आणि ते "बायकोसाठीं" असें म्हणाले. हें सांगतांना ते हंसले, असें पुतणी म्हणाली.

याच दिवसांत फाटकाशीं एक मोल्डर येऊन उभा होता. टाळेबंदीपूर्वीं त्यानें दादांकडे चार वर्षें काम केलेलें. हात मोठा कसबी. त्याचा दाखला गांवाकडून यावयाचा होता, तो येईना. आठ दिवस तो रोज सकाळीं येई आणि रखवालदाराशीं दोन शब्द बोलून परत जाई. नवव्या दिवशीं दादा स्वतः फाटकाशीं गेले, तों तो आला नव्हता. गोकुळ शिरगांवकडे एका फौंड्रींत लागला, असें मागाहून कळलें. दादा त्यावर कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवशीं कचेरींत त्यांचा चहा तसाच निवाला.

जांवयांचा कागद पुतणीच्या कागदाआधीं आला. दादांनीं कचेरींतल्या यंत्रावर त्याची प्रत काढून घरीं आणली, आणि स्वतः न वाचतां आमच्या हातीं दिली. पत्रिका पाहिल्या होत्या त्या वेळीं छत्तीसांपैकीं अठ्ठावीस गुण जुळले, म्हणून ज्या मेजावर पेढे ठेवले होते, त्याच मेजाभोंवतीं आम्ही सर्व बसलों. कागद एकच पानाचा होता. या ठशांवरून शोध घेतला असतां अटकेची पूर्वीची कोणतीही नोंद खात्याकडे आढळली नाहीं, असें पहिलें वाक्य होतें. तें आम्हीं मराठींत करून सांगितलें. वहिनींनीं तें पुन्हां एकदां वाचावयास लाविलें.

त्याखालीं आणखी एक वाक्य होतें. राज्याच्या वा स्थानिक पोलिसांच्या दप्तरांत अशी एखादी नोंद असण्याची शक्यता यामुळें नाहींशी होत नाहीं, असा त्याचा अर्थ होता. पुतणी आमच्या खांद्यामागें उभी होती. तिला इंग्रजी आमच्याहून चांगलें येतें.

"एवढंच?" वहिनींनीं विचारलें.

"एवढंच," आम्ही म्हणालों.

वहिनींनीं कागदाची चौघडी केली आणि ज्या डब्यांत दोघांच्या पत्रिका होत्या त्यांत ती नीट ठेवली. पुतणीनें आमच्याकडे एकदां पाहिलें आणि ती चहा टाकावयास आंत गेली.